माणूस दमत नाही, विमान बिघडतं

बांगह्वा, सोल
सोमवार, ११ नोव्हेंबर

चि. ग्यूवन,

मोठ्या भावाचे आशीर्वाद. ते फुकट असतात, हवे तेवढे घे. सल्ला मागितलास तो मात्र लगेच देत नाही, आधी इकडचं तिकडचं सांगतो.

मी ठीक आहे. तुझ्या वहिनीचा खांदा आता वर उचलला जातो. गेल्या आठवड्यात गुन्सानला आईकडे जाऊन आलो, चांगला तीन दिवस राहिलो. मला दारात पाहून ती म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवला? तुझ्या साहेबाने विमान विकलं की काय?" मी म्हटलं, रजा आहे. "रजा," एवढंच म्हणाली आणि माझी बॅग आत नेली. पुढे एक अक्षर विचारलं नाही. आई विचारत नाही तेव्हा मला जास्त धास्ती वाटते.

आता तुझं पत्र. तू फोन न करता चांगलं दोन पानी पत्र लिहिलंस, म्हणजे गोष्ट मनावर घेतलेली दिसते. मीही लिहूनच उत्तर देतो. फोनवर मी ओरडतो, तू "बरं दादा" म्हणतोस आणि दोघांपैकी कुणालाच काही कळत नाही.

तर ह्वाबोंग उद्योगाच्या सचिव कार्यालयातून खुद्द प्योसाहेबांनी तुला फोन केला. अध्यक्षांच्या विमानावर एक जागा रिकामी होते आहे, तुमच्यासारखा विश्वासू माणूस हवा, शुक्रवारपर्यंत या आणि सही करा. तुझ्या प्रवासी विमानकंपनीत कॅप्टनच्या रांगेत उभं राहून केस पांढरे होतील, इथे पहिल्या दिवसापासून खांद्यावर चार पट्ट्या. तू लिहितोस, "दादा, मला तुझ्यासारखं जगायचंय. हो म्हणू ना?"

माझ्यासारखं. बरं, ऐक.

तुझ्या कंपनीत महिन्याचं वेळापत्रक लागतं आणि तू त्याला शिव्या देतोस. मला तसलं एक वेळापत्रक मिळालं तर मी ते बाबांच्या फोटोशेजारी चौकटीत लावीन. माझं वेळापत्रक म्हणजे अध्यक्षांची लहर. फोन वाजला की दोन तासांत विमान निघायला तयार पाहिजे. त्यामुळे विमानतळापासून लांब जायचं नाही, सिनेमा बघायचा नाही, लग्नात बसायचं नाही, सणाला एक घोट घ्यायचा नाही. गेल्या वर्षी दाढ दुखली म्हणून गेलो. डॉक्टरने कोरायला घेतली आणि फोन वाजला. तात्पुरतं सिमेंट भरून घेतलं आणि पळालो. ते तात्पुरतं सिमेंट अजून दाढेत आहे. डॉक्टर म्हणतो, "तुम्ही नक्की पायलट आहात ना? फरार आरोपीसुद्धा दाढ पूर्ण करून जातात."

आणि उडवणं हा या कामातला सगळ्यात थोडा भाग. गोल्फच्या पिशव्या चढवायच्या. अध्यक्षांच्या बाईसाहेबांची लापशी कोमट आहे का, ते बघायचं. त्यांच्या कुत्र्याला उतरल्या उतरल्या धावपट्टीच्या कडेला फिरवून आणायचं. विमानातला संडास धुवायचा. मग गालिचा साफ करायचा, तोही मागे मागे चालत, म्हणजे आपल्याच पावलांचे ठसे राहत नाहीत. बाईसाहेबांना गालिच्यावर दुसऱ्याचं पाऊल उमटलेलं चालत नाही. एकदा जिन्यापाशी माझा तोल गेला आणि हात टेकला, तर पंजाचा ठसा राहिला. त्यावर प्योसाहेबांचा वेगळा फोन आला.

हे काम हलकं म्हणून मी चिडतो असं समजू नकोस. आईने मासळीबाजारात खवले काढून आपल्याला शिकवलंय, हलकं काम कशाला म्हणतात ते मला कुणी सांगू नये. माझा संताप दुसऱ्याच गोष्टीचा आहे. हे सगळं उरकल्यावर तोच माणूस हात धुऊन पुढच्या खुर्चीत बसतो आणि आठ-दहा जिवांना ढगांच्या वर नेतो. तो शेवटचा झोपला कधी, हे त्या इमारतीतल्या एकालाही ठाऊक नसतं. विमानतळावरच्या खुर्चीत ताटकळत बसणं याला आमच्याकडे आराम म्हणतात. "तुम्ही काय, दिवसभर बसूनच होता," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता झोपेतही ऐकू येतं. म्हणजे झोप लागली तर.

तुझ्या दिवाणखान्यात जिनिव्हाच्या तळ्याचा फोटो आहे, मी पाठवलेला. तो हॉटेलच्या खिडकीतून काढलेला आहे. त्या तळ्याला मी पाय लावलेला नाही. फोटो काढून झाल्यावर पडदे ओढले आणि भर दुपारी झोपेची आळवणी करत पडून राहिलो. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, इथे तळंही दुरूनच.

नवीन वर्षाला अध्यक्ष सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवतात. "प्यॉन कॅप्टन म्हणजे आमच्या घरचे." आधी मला बरं वाटायचं. मग कळलं, नोकराला रजा मागता येते, घरच्या माणसाला नाही. बाबांच्या श्राद्धाला लागोपाठ तीन वर्षं मी नव्हतो. थोरल्याने अर्पण करायचा पेला तू भरलास. त्यातल्या एका वर्षी मी मकाऊला होतो, कुत्र्याचा वाढदिवस होता म्हणून. थट्टा करत नाही. केकही होता.

आता तुला या घराची एक रीत सांगतो. ती तुला कुठल्या नियमपुस्तकात सापडणार नाही.

ह्वाबोंगमध्ये पायलट दमत नाही. तो शब्दच वापरायचा नाही. अध्यक्ष माणसाला घाबरत नाहीत, पण यंत्राला घाबरतात. म्हणून अगदीच अंगात त्राण उरलं नाही की कॅप्टनने फोन करून सांगायचं, "दाराचा दिवा लागलाय." विमानाचं दार नीट बसलं नाही की एक तांबडा दिवा लागतो. कडी जरा सैल ठेवली तर केव्हाही लागतो. मग मेकॅनिकने यायचं, दार उघडून बसायचं, तपासतोय असं दाखवायचं, आणि तोवर दोघा पायलटांनी मागच्या खोलीत चार-पाच तास झोपून घ्यायचं. हे सगळ्यांना माहीत. प्योसाहेबांनाही. माझ्या आधीच्या कॅप्टनने जाता जाता मला हेच शिकवलं, "माणूस दमत नाही, विमान बिघडतं. एवढं लक्षात ठेवलंत तर इथे म्हातारे व्हाल."

आमच्याकडे पायलटांच्या दोन जोड्या. या वसंतात दुसऱ्या जोडीने तो दिवा जरा जास्तच वेळा लावला. त्यांना तरी काय म्हणू, मीही लावलाच असता. अध्यक्ष वैतागले आणि विचारलं, "हे दार बघतो कोण?" दार बघायचे यॉमदादा. तुला आठवतील, वहिनीच्या आजारपणात घरी सूप घेऊन आले होते ते. विमान विकत घेतलं त्या दिवसापासूनचा माणूस. न झालेला बिघाड सापडत नाही म्हणून त्यांना काढून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर दोन पायलट गेले असते, म्हणून बोलले नाहीत. आम्ही सगळे खाली मान घालून उभे होतो. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी मी दिवा लावणार नाही.

आता जे टाळत होतो ते लिहितो.

ऑक्टोबरात बाईसाहेबांच्या माहेरच्या लोकांना घेऊन जाकार्ताला गेलो. आदल्याच दिवशी हाँगकाँगहून परतलो होतो. तिथे उतरवलं, विमान झाडलं, आणि लगेच त्यांच्याच नात्यातल्या दुसऱ्या मंडळींना घेऊन रातोरात परत. उजाडता उजाडता आम्ही समुद्रावर होतो. माझ्या शेजारी यॉन्जी, माझी को-पायलट, गुणी मुलगी. मला जाग आली ती रेडिओमुळे. खालून कुणीतरी आमच्या विमानाला हाका मारत होतं, आणि आवाजावरून कळत होतं की ही पहिली हाक नाही. मी उत्तर दिलं. मग यॉन्जीकडे वळून म्हटलं, "तू का उत्तर दिलं नाहीस?" ती पांढरीफटक पडली होती. म्हणाली, "सर, मीपण आत्ताच जागी झाले."

मागे सहा माणसं होती. दोन लहान मुलं. सगळी आमच्या भरवशावर झोपलेली.

सोलच्या किंपो विमानतळावर उतरलो. वाटलं, आता घरी. पण निरोप आला, थांबा. दुपारी अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन आले. जपानमध्ये सप्पोरोला जायचं होतं, खेकडे खायला. मला विश्रांतिकक्षात बोलावलं. सगळे पाहुणे समोर.

"काय कॅप्टन, निघायचं?"

"नाही, अध्यक्षसाहेब."

"विमानाला काय झालं?"

"विमान उत्तम आहे."

"मग हवा खराब आहे का?"

"हवाही उत्तम आहे."

प्योसाहेब मागे उभे राहून मला खुणा करत होते, हाताने दार उघडून दाखवत होते. मी म्हटलं, "मी दमलोय."

अध्यक्षांनी प्योंकडे असं पाहिलं जणू मी कुठल्या परक्या भाषेत बोललो. "दमलाय म्हणजे? आजारी आहात?"

"नाही. झोप झालेली नाही."

"एवढंच? अहो, पुढे दोघं बसता ना तुम्ही? एकाने झोपावं, एकाने चालवावं." पाहुणे हसले. तेही हसले.

मी म्हटलं, "आज पहाटे तसंच झालं, साहेब. फक्त एक नाही, दोघंही झोपलो होतो. मागे तुमचे नातलग होते."

हसणं थांबलं. अध्यक्ष उठून आत गेले. प्योसाहेबांनी मला कोपऱ्यात ओढलं. "दाराचा दिवा म्हणाला असतात तर तुमचं काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, "यॉमदादा गेले, आता दिव्यासाठी कुणाला काढाल?" ते म्हणाले, "तुम्हालाच फार तत्त्वं सुचतायत." दुसऱ्या जोडीला घरून बोलावलं, विमान गेलं, खेकडे खाऊन झाले. यॉन्जीला म्हणे विचारलं की तू जागीच होतीस ना, तसं लिहून दे, नोकरी राहील. तिने काय लिहिलं ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

ग्यूवन, मी रजेवर नाही. महिना झाला, मला घरी बसवलंय. रिकामी होणारी जागा माझी आहे.

मी कामगार आयोगाकडे तक्रार केली आहे. सुनावणी शुक्रवारी आहे. तुलाही उत्तर शुक्रवारपर्यंतच द्यायचंय. हा योगायोग मानण्याइतका तू दूधखुळा नाहीस. त्यांचा वकील उभा राहून काय म्हणणार, ते मला आत्ताच ऐकू येतंय: काम इतकं जीवघेणं असतं तर यांचा सख्खा भाऊ आनंदाने त्याच खुर्चीत बसला असता का? देशात पायलट कमी नाहीत. प्योसाहेबांनी तुलाच फोन केला, कारण तू माझा भाऊ आहेस.

मी तुला नको म्हणणार नाही. कॅप्टन होण्याची तुझी इच्छा खरी आहे आणि तू मला विचारलंस, हे तुझं मोठेपण. तू हो म्हणालास तरी आईकडे आपण एकाच ताटाभोवती बसू, मी तोंड फिरवणार नाही. पण नंतर मला म्हणू नकोस की तुला ठाऊक नव्हतं. म्हणून हे सगळं लिहिलं.

ज्याची खुर्ची तुला देऊ केली आहे तो,
तुझा दादा
ग्यूतेक


इंचॉन
गुरुवार, १४ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार केला असं समज. आता भांडतो.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. आधी माझं पाप सांगतो. तुला लिहिण्याच्या आदल्या दिवशीच मी प्योसाहेबांना फोनवर हो म्हटलं होतं. सल्ला आपला रीत म्हणून मागितला. तू "छान, घे" म्हणशील आणि मी सुखाने जाऊन सही करीन, असा माझा हिशेब होता.

आज सकाळी गेलो. जायचंच नाही असं रात्री ठरवलं होतं, पण मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. प्योसाहेबांनी स्वतःच्या हाताने कॉफी आणून दिली. कागद टेबलावर तयार. मग म्हणाले, "एक लहानशी गोष्ट राहिली. तुमचे बंधू फार सज्जन. पण त्यांना झोपेचा काहीतरी विकार आहे, घरात तुम्हाला माहीतच असेल. तेवढ्या दोन ओळी लिहून द्या. त्यांच्याच भल्यासाठी. आजारी माणसाला ह्वाबोंग वाऱ्यावर सोडत नाही."

मी विचारलं, "आणि नाही लिहिल्या तर?"

"तर हा विकार घराण्यातलाच आहे का, असं आम्हाला तुमच्याबद्दलही विचारावं लागेल," म्हणाले आणि हसले. मनमोकळं हसले, दादा. त्या माणसाला आपण काही वाईट बोलतोय असं वाटतच नव्हतं.

मी पेन मागितलं. दोनच ओळी लिहिल्या. "माझा मोठा भाऊ आजारी नाही. त्याला झोपू दिलं नाही." खाली सही केली, तारीख घातली आणि फोनवर त्याचा फोटो काढून घेतला. प्योसाहेबांनी वाचलं. नेमणुकीचा कागद खणात टाकला. माझी कॉफी अर्धी उरली होती, तीही उचलून नेली.

तर ती जागा गेली. त्याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. चार पट्ट्या मी आरशासमोर लावून पाहिल्या होत्या.

आता तुझ्यावरचा राग. ह्वाबोंगने तुला बोलू दिलं नाही, मान्य. पण आई आणि मी काय ह्वाबोंगचे होतो? प्रत्येक सणाला परदेशी चॉकलेटांचे डबे आणि "मस्त चाललंय." बाबांच्या श्राद्धाला तू नसायचास तेव्हा मी पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचो, दादा मोठ्या माणसांत असतो, त्याला वेळ नसतो. आमच्यासमोरसुद्धा तू कधी दमला नाहीस. तू एकदा जरी म्हणाला असतास, तर मी त्या खुर्चीचं नाव काढलं नसतं. मला तिचा मोह कुणी पाडला? प्योंनी नाही. तू.

आईला मी आज सगळं सांगितलं. तू सांगणार नव्हतास, माहीत आहे. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं रे. परवा आला होता ना, तेव्हा भाताचा घास हातात धरून बसल्या जागी झोपला. मी घास काढून घेतला आणि टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठला नाही. मी शेजारणीला सांगितलं, आज आमच्याकडे येऊ नका, माझं मूल झोपलंय." एवढं सांगून ती फोनवर रडली. बाबा गेल्यापासून मी तिला रडताना ऐकलं नव्हतं.

उद्या माझी फुकुओकाची फेरी होती. ती बदलून घेतली आहे. त्या दोन ओळी सगळ्यांसमोर वाचायला मी येतोय. साक्षीदारांत माझं नाव घाल; टपाल उद्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून हे पत्र आज रात्रीच माणसाहाती पाठवतोय. मला आत सोडलं नाही, तर बाहेर बाकावर बसून राहीन.

अजून रागावलेला, आणि तरी उद्या येणारा,
तुझा धाकटा
ग्यूवन